एकाच चिपमध्ये दोन व्होल्टेज कशासाठी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मोबाइलच्या बॅटरीविषयीच्या आमच्या लेखात असे एक विधान होते की, आजच्या चिपला एक नव्हे तर अनेक व्होल्टेज पुरवली जातात आणि चिपच्या कोणत्या भागाला कोणते द्यायचे, हे तिचा आराखडा आखतानाच ठरवावे लागते. या विधानाचा खुलासा मागणारी बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. सर्व उत्तरांत उदाहरणासाठी 1.2 व्होल्ट आणि 0.8 व्होल्ट हीच दोन व्होल्टेज घेतली आहेत, म्हणजे आकडे पडताळून पाहणे सोपे जाईल.

प्रश्न : चिपमध्ये खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, असे आम्हाला शिकवले आहे. मग संपूर्ण चिपचेच व्होल्टेज कमी का करत नाहीत? दोन-तीन व्होल्टेजचा खटाटोप कशाला?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : आपल्याला शिकवले ते बरोबरच आहे. सीमॉस, म्हणजे आजच्या बहुतेक चिपमध्ये वापरल्या जाणाऱ्या जातीच्या, सर्किटमध्ये ट्रान्झिस्टरच्या उघडझापीसाठी लागणारी वीज ही धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता), व्होल्टेजचा वर्ग, क्लॉकची (सर्किटला ठरावीक वेळाने मिळणाऱ्या ठोक्यांची) वारंवारिता आणि सर्किट प्रत्यक्षात किती वेळा हलते याचे प्रमाण, या चारांच्या गुणाकाराइतकी असते. आपण सुचवलेला मार्ग उद्योगाने अनेक वर्षे चोखाळलाही. पूर्वी 5 व्होल्ट हे सर्वमान्य व्होल्टेज होते, 0.35 मायक्रॉनच्या (म्हणजे ट्रान्झिस्टरचे लहानात लहान माप साधारण तेवढे असलेल्या) तंत्रात ते 3.3 व्होल्टवर आले, 0.25 मायक्रॉनला 2.5, 0.18 मायक्रॉनला 1.8 आणि 0.13 मायक्रॉनला 1.2 व्होल्टवर. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये मांडलेला हिशेब असा होता की, ट्रान्झिस्टरची मापे आणि व्होल्टेज एकाच प्रमाणात घटवत गेल्यास चिपच्या दर चौरस मिलिमीटरमागील वीज वाढत नाही.

ही घसरण सुमारे एक व्होल्टपाशी रेंगाळली, याचे कारण ट्रान्झिस्टरचे थ्रेशोल्ड व्होल्टेज. ज्या व्होल्टेजला ट्रान्झिस्टर चालू होऊ लागतो ते त्याच प्रमाणात खाली आणता येत नाही, कारण सामान्य तापमानाला ते आदर्श परिस्थितीतही 60 मिलिव्होल्टने उतरवले की बंद ट्रान्झिस्टरमधून झिरपणारा करंट दहापट होतो. थ्रेशोल्ड जागच्या जागी ठेवून केवळ पुरवठ्याचे व्होल्टेज उतरवले, तर दोहोंतील अंतर कमी होते आणि सर्किट मंदावते. साकुराई आणि न्यूटन यांनी सर्किटला लागणाऱ्या वेळेसाठी 1990 मध्ये दिलेल्या सूत्रात थ्रेशोल्ड 0.35 व्होल्ट आणि घातांक 1.3 धरून पाहा : 1.2 वरून 0.8 व्होल्टवर आल्यास त्याच कामाला सुमारे दीडपट वेळ लागतो, तर दर उघडझापीची ऊर्जा 44 टक्क्यांवर येते. वीज निम्म्याहून कमी होते, परंतु वेग दोन-तृतीयांश उरतो, आणि हा सौदा संपूर्ण चिपसाठी कोणी पत्करत नाही.

तथापि संपूर्ण चिपला त्या वेगाची गरज तरी कोठे असते? 500 मेगाहर्ट्झच्या क्लॉकमध्ये प्रत्येक टप्प्याला 2 नॅनोसेकंद मिळतात. सिग्नलचे काही मोजके मार्ग त्यांतील 1.9 नॅनोसेकंद वापरतात. इतर असंख्य मार्गांचे काम 1.1 किंवा 1.2 नॅनोसेकंदांतच आटोपते आणि पुढचा क्लॉक येईपर्यंत ते नुसते थांबून राहतात. या शिल्लक वेळेला अभियंते स्लॅक म्हणतात. ज्यांच्याकडे स्लॅक आहे त्यांना कमी व्होल्टेज द्यावे आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना पूर्ण द्यावे, हा अनेक व्होल्टेजच्या पद्धतीचा गाभा होय. तोशिबाचे किमियोशी उसामी आणि स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी 1995 मध्ये ती गेटच्या (तर्काची एकेक लहान क्रिया करणाऱ्या सर्किटच्या) पातळीवर पद्धतशीरपणे मांडली, आणि पुढे तोशिबाच्या एका मीडिया प्रोसेसरच्या तर्कसर्किटांत तिच्यामुळे वेग न गमावता सरासरी 47 टक्के वीज वाचल्याचे 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच निबंधात त्या भागाचे क्षेत्रफळ 15 टक्क्यांनी वाढल्याचीही नोंद आहे. पहिला आकडा सगळे सांगतात. दुसऱ्याचा उल्लेख क्वचितच होतो, आणि खालची बहुतेक उत्तरे त्या दुसऱ्या आकड्याविषयीच आहेत.

प्रश्न : मी वीज मंडळात उपकेंद्रावर काम करून निवृत्त झालो. दोन व्होल्टेज एकमेकांना जोडायची तर मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो, हे आमचे ज्ञान. चिपमध्ये 0.8 व्होल्टचा भाग 1.2 व्होल्टच्या भागाशी कसा जोडतात? तेथे काही सूक्ष्म ट्रान्सफॉर्मर असतो काय?
— एक ज्येष्ठ वाचक, नाशिक

उत्तर : ट्रान्सफॉर्मर नसतो, कारण हा सारा डीसीचा व्यवहार आहे, शिवाय येथे एका भागातून दुसऱ्या भागाला वीज पोहोचवायची नसून केवळ शून्य की एक, एवढा निरोप पोहोचवायचा असतो. प्रत्येक भागाला त्याची वीज स्वतंत्र तारांच्या जाळ्यातून मिळतच असते. अडचण निरोपाच्या उंचीची आहे.

0.8 व्होल्टच्या भागातून निघालेला "एक" म्हणजे 0.8 व्होल्ट. तो 1.2 व्होल्टवर चालणाऱ्या इन्व्हर्टरच्या (शून्याचे एक आणि एकाचे शून्य करणाऱ्या सर्किटच्या) दाराशी आला की तेथील वरचा, म्हणजे पीमॉस, ट्रान्झिस्टर पूर्ण बंद व्हायला हवा. पण त्याच्या एका टोकाला 1.2 आणि गेटवर, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकावर, 0.8 व्होल्ट असल्यामुळे 0.4 व्होल्टचा फरक उरतो, आणि थ्रेशोल्ड 0.35 असल्याने तो अर्धवट चालूच राहतो. खालचा एनमॉसही चालू असतो. परिणामी पुरवठ्यापासून जमिनीपर्यंत थेट वाट उघडी राहते आणि सर्किट काही काम करत नसतानाही तीमधून करंट वाहत राहतो. वीज वाचवण्यासाठी केलेला उपाय अशा रीतीने उलटतो. म्हणून कमी व्होल्टेजकडून जास्त व्होल्टेजकडे जाणाऱ्या प्रत्येक सिग्नलच्या वाटेवर लेव्हल शिफ्टर नावाचे छोटे सर्किट बसवतात. त्याच्या नेहमीच्या रचनेत परस्परांना उलटसुलट जोडलेले दोन पीमॉस असतात; त्यांना मूळ सिग्नल आणि त्याचा व्यस्त सिग्नल असे दोन्ही दिले की त्यांतील एक पूर्ण बंद होतो आणि बाहेर पूर्ण 1.2 व्होल्टचा सिग्नल मिळतो. त्याला स्वतःची जागा लागते, स्वतःचा वेळ लागतो आणि बहुधा दोन्ही व्होल्टेजच्या तारा त्याच्यापर्यंत आणाव्या लागतात. दोन भागांमध्ये 64 तारांचा मार्ग असेल तर असे 64 शिफ्टर.

उलट दिशेला, म्हणजे जास्तीकडून कमीकडे जाताना, अशी गळती होत नाही, त्यामुळे शिफ्टरविना काम भागू शकते. फक्त त्या टोकाच्या वेळेचा हिशेब वेगळा करावा लागतो. या एकतर्फी सवलतीचा उसामी-होरोविट्झ पद्धतीने उपयोग करून घेतला : प्रत्येक मार्गावर आधी जास्त व्होल्टेजची गेट, नंतर कमी व्होल्टेजची, आणि व्होल्टेज पुन्हा चढवायचे ते फक्त मार्गाच्या शेवटी, फ्लिपफ्लॉपमध्ये, म्हणजे क्लॉकच्या ठोक्याला निकाल टिपून धरून ठेवणाऱ्या सर्किटमध्ये.

प्रश्न : ब्लॉक (चिपचा एखादा स्वतंत्र भाग) कोठे ठेवायचा हा जागेचा प्रश्न, आणि त्याला किती व्होल्टेज द्यायचे हा वेळेचा. मग आधी व्होल्टेज ठरवून नंतर फ्लोअरप्लॅन (ब्लॉकांच्या मांडणीचा आराखडा) आखला, किंवा आधी फ्लोअरप्लॅन आखून नंतर व्होल्टेज दिले, तर काय बिघडते?
— सॉफ्टवेअर अभियंता, मूळचे कोल्हापूरचे, सध्या बेंगळुरू

उत्तर : हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याला जास्त जागा देत आहोत. काय बिघडते, ते एका काल्पनिक पण आकड्यांनी तपासता येणाऱ्या उदाहरणाने पाहू.

समजा, एका मार्गावर आधी 'क' आणि नंतर 'ख' असे दोन ब्लॉक आहेत आणि उपलब्ध वेळ 2 नॅनोसेकंद आहे. 1.2 व्होल्टवर 'क'ला 0.7 आणि 'ख'ला 0.6 नॅनोसेकंद लागतात, आणि दोघांमधील तारेला 0.2, एकूण 1.5. 'क' 300 मिलिवॉट खातो, 'ख' 180 मिलिवॉट. दोघांनाही 0.8 व्होल्टवर उतरवले तर 1.05, 0.9 आणि 0.2 मिळून 2.15 होतात, म्हणजे ते जमत नाही. दोघांपैकी एकच निवडावा लागेल. 'क' उतरवला तर कमीकडून जास्तीकडे जाणाऱ्या सिग्नलसाठी शिफ्टर लागेल, त्याचा 0.1 धरून बेरीज 1.95 होते आणि सुमारे 167 मिलिवॉट वाचतात. 'ख' उतरवला तर बेरीज 1.8 होते, पण वाचतात केवळ 100 मिलिवॉट. केवळ वेळेचे गणित पाहणारा कोणीही 'क'चीच निवड करील.

आता आराखड्याकडे या. 0.8 व्होल्टवरचे इतर ब्लॉक चिपच्या दुसऱ्या कोपऱ्यात असल्याने 'क'ला त्यांच्या शेजारी न्यावे लागले आणि 'ख'पर्यंतची तार लांबून तिला 0.2 ऐवजी 0.3 नॅनोसेकंद लागू लागले. बेरीज 2.05 झाली. कागदावर सर्वोत्तम असलेला निर्णय जागेवर आल्याबरोबर फसला. तारेची लांबी तेवढीच धरली तरी 'ख'चा पर्याय मात्र 1.9 मध्ये बसतो. म्हणजे कोणाला किती व्होल्टेज, याचे उत्तर कोण कोठे बसला आहे यावर अवलंबून आहे.

मग 'क'ला हलवायचेच कशाला, तो आहे तेथेच राहून त्याला 0.8 व्होल्ट का पुरवू नयेत, असे आपण विचाराल. येथे पुरवठ्याच्या तारांचा प्रश्न येतो. प्रत्येक व्होल्टेजसाठी चिपवर धातूच्या रुंद पट्ट्यांचे स्वतंत्र जाळे पसरावे लागते, ते पॅकेजच्या (चिपच्या वेष्टनाच्या) स्वतंत्र जोडण्यांपर्यंत न्यावे लागते, आणि वेगवेगळ्या व्होल्टेजच्या शेजारी-शेजारी असलेल्या एन-वेलमध्ये, म्हणजे पीमॉस ट्रान्झिस्टर ज्यांत बसतात त्या सिलिकॉनच्या भागांमध्ये, मोकळी जागा सोडावी लागते. घराचा नकाशा काढणारा वास्तुविशारद स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना ठेवतो ते नळाचे पाइप घरभर फिरू नयेत म्हणून. चिपचा आराखडा काढणाराही त्याच कारणाने समान व्होल्टेजचे ब्लॉक एकत्र आणून त्यांचे सलग बेट करतो. आयबीएमच्या अभियंत्यांनी 2002 मध्ये अशा व्होल्टेजच्या बेटांची संपूर्ण कार्यपद्धती मांडली. बेटे विखुरली तर कमी व्होल्टेजची तार लांबवर ओढावी लागते आणि तिच्या रोधामुळे वाटेतच व्होल्टेज गळते. ही गळती येथे अधिक बोचते : 5 टक्क्यांची मुभा 1.2 व्होल्टवर 60 मिलिव्होल्ट असते, 0.8 व्होल्टवर फक्त 40, आणि थ्रेशोल्डच्या जवळ गेलेले सर्किट अशा प्रत्येक मिलिव्होल्टला जास्त मंदावते.

म्हणून बेटे सलग ठेवू पाहावे तर सिग्नलच्या तारा लांबतात, सिग्नलच्या तारा आखूड ठेवाव्यात तर बेटे फुटतात, आणि दोन्ही सांभाळू पाहावे तर मध्ये रिकामी जागा राहून चिपचे क्षेत्रफळ वाढते.

असा गुंता सोडवायचा कसा? फ्लोअरप्लॅनिंगमध्ये यासाठी जुने आणि खात्रीचे साधन आहे ते सिम्युलेटेड ॲनीलिंग. 1983 मध्ये कर्कपॅट्रिक, गेलॅट आणि वेक्की यांनी ते सर्वसाधारण स्वरूपात मांडले आणि 1986 मध्ये वाँग आणि लिऊ यांनी ब्लॉकच्या मांडणीला पोलिश पद्धतीच्या पदावलीचे, म्हणजे चिन्हांच्या एका ओळीचे, रूप देऊन ते फ्लोअरप्लॅनला लावले. एखादी मांडणी घ्यायची, तीत दोन ब्लॉकांची अदलाबदल यासारखा लहानसा बदल करायचा, खर्च मोजायचा, खर्च घटला तर बदल स्वीकारायचा, आणि सुरुवातीच्या काळात तो वाढला तरी अधूनमधून स्वीकारायचा, म्हणजे शोध एखाद्या खळग्यात अडकून पडत नाही. पूर्वी या खर्चात क्षेत्रफळ आणि तारांची लांबी एवढ्याच बाबी असत. अनेक व्होल्टेजच्या आराखड्यात त्यांच्या जोडीला एकूण वीज, शिफ्टरांची संख्या आणि पुरवठ्याच्या जाळ्याचा खर्चही येतो. शोधाचा विस्तार किती मोठा आहे पाहा : 1990च्या दशकात जपानमध्ये पुढे आलेल्या, ब्लॉकांच्या दोन क्रमांनी मांडणी लिहिणाऱ्या सीक्वेन्स-पेअर पद्धतीत केवळ 10 ब्लॉकांच्या सुमारे 13 लाख कोटी मांडण्या संभवतात, आणि त्यांतील प्रत्येक मांडणीत दोन व्होल्टेज वाटण्याचे 1024 प्रकार.

सर्व प्रकार तपासणे अर्थातच अशक्य आहे. म्हणून मांडणीचा शोध ॲनीलिंगवर सोपवतात, आणि समोर आलेल्या मांडणीसाठी व्होल्टेजचे वाटप मात्र एखाद्या नेमक्या गणिती रीतीने झटपट सोडवतात. हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतील चियांग मा आणि इव्हँजेलिन यंग यांनी 2008 मध्ये हे वाटप जाळ्यातील प्रवाहाच्या गणिताने, म्हणजे मालवाहतुकीचा किमान खर्च काढण्यासाठी वापरतात त्या जातीच्या गणिताने, सोडवून ते फ्लोअरप्लॅनिंगच्या चक्रातच बसवले. आमच्या मते या विषयातील खरी प्रगती ती हीच : व्होल्टेज हा आधीच ठरवून दिलेला शिक्का न राहता मांडणीबरोबर बदलणारा निर्णय झाला. ज्या निबंधांत केवळ व्होल्टेजच्या वर्गाचा हिशेब करून बचतीची टक्केवारी दिलेली असते आणि पुरवठ्याच्या जाळ्याचा उल्लेखही नसतो, ते वाचताना मात्र थोडे हातचे राखावे.

प्रश्न : दोन व्होल्टेजने एवढा लाभ होत असेल तर चार, पाच किंवा प्रत्येक ब्लॉकला वेगळे व्होल्टेज का देत नाहीत?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : पहिल्या पायरीला जेवढा लाभ मिळतो तेवढा पुढच्या पायऱ्यांना मिळत नाही, आणि खर्च मात्र प्रत्येक पायरीला तेवढाच येतो. केवळ उघडझापीची वीज पाहिली तर कमी व्होल्टेज हे जास्तीच्या साधारण 0.6 ते 0.7 पट असावे असा अनुभवसिद्ध ठोकताळा आहे, आमचे 0.8 आणि 1.2 त्यातच बसतात. त्या दोहोंमध्ये 1.0 व्होल्टची तिसरी पायरी घातली, तर 0.8 वर जाऊ न शकणारे काही ब्लॉक 31 टक्के वाचवू शकतील, परंतु त्यांच्यासाठी आणखी एक जाळे, आणखी एक रेग्युलेटर (ठरावीक व्होल्टेज तयार करणारे सर्किट) आणि बेटांच्या आणखी सीमा येतील. वेळेच्या हिशेबातून तिसरे व्होल्टेज क्वचितच समर्थनीय ठरते. प्रत्यक्षात ते बहुधा वेगळ्याच कारणाने येते : एसरॅमच्या, म्हणजे चिपवरच्या मेमरीच्या, पेशींना माहिती धरून ठेवण्यासाठी आणि निर्धोकपणे वाचण्या-लिहिण्यासाठी ठरावीक किमान व्होल्टेज लागते, त्यामुळे तर्कसर्किट खाली उतरले तरी मेमरीला स्वतःचा पुरवठा द्यावा लागतो.

प्रश्न : चिपमध्ये वाचलेली वीज बॅटरीपर्यंत पोहोचते का? 0.8 व्होल्ट तयार करण्यातही वीज जातच असेल ना?
— भौतिकशास्त्राचे शिक्षक, अमरावती

उत्तर : शंका अगदी रास्त आहे, आणि तिचे उत्तर रेग्युलेटर कोणत्या जातीचा आहे यावर अवलंबून आहे. वरचा 300 मिलिवॉटचा ब्लॉक 1.2 व्होल्टवर 250 मिलिॲम्पिअर घेतो. 0.8 व्होल्टवर तो सुमारे 167 मिलिॲम्पिअर घेतो आणि स्वतः 133 मिलिवॉट खातो. हे 0.8 व्होल्ट जर 1.2 वरून लिनिअर रेग्युलेटरने काढले असतील, तर तेवढाच करंट 1.2 व्होल्टच्या पुरवठ्यातून येतो. म्हणजे खर्च 200 मिलिवॉट, आणि मधले 67 मिलिवॉट रेग्युलेटरमध्येच उष्णता होऊन जातात. बचत 56 टक्क्यांवरून 33 वर येते. वर्गाचा लाभ जाऊन सरळ प्रमाणाचा उरतो. त्याऐवजी 90 टक्के कार्यक्षमतेचा स्विचिंग रेग्युलेटर वापरल्यास खर्च 148 मिलिवॉट होतो आणि बचत निम्म्याच्या वर राहते, परंतु त्याला इंडक्टर (तारेचे वेटोळे) लागतो आणि इंडक्टरला जागा. इंटेलने 2013 च्या हॅसवेल प्रोसेसरमध्ये असे रेग्युलेटर चिपवरच घेतले आणि इंडक्टर पॅकेजमध्ये बसवले. 2015 च्या स्कायलेकमध्ये ही रचना सोडून दिली. एखाद्या छोट्या ब्लॉकसाठी स्वतंत्र बेट करावे की नाही, हा निर्णय पुष्कळदा या एका हिशेबावरच होतो.

प्रश्न : आम्हा तिघांना अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून अनेक व्होल्टेजचा फ्लोअरप्लॅन घ्यायचा आहे. महागडे सॉफ्टवेअर महाविद्यालयात नाही. सुरुवात कोठून करावी?
— विद्यार्थी, पुणे

उत्तर : महागड्या सॉफ्टवेअरशिवायही हा प्रकल्प करता येतो. फ्लोअरप्लॅनिंगच्या संशोधनात एमसीएनसी या अमेरिकी संस्थेचे चाचणीचे नमुने आजही वापरले जातात : ॲप्टे 9 ब्लॉकांचा, झेरॉक्स 10, एचपी 11, आणि नावातच संख्या असलेले एएमआय33 व एएमआय49. जीएसआरसी या दुसऱ्या संशोधन केंद्राच्या नमुन्यांत 10 पासून 300 पर्यंत ब्लॉक आहेत. प्रथम बी-स्टार-ट्री किंवा सीक्वेन्स-पेअर यांपैकी मांडणी लिहिण्याची एक पद्धत वापरून केवळ क्षेत्रफळ आणि तारांची लांबी घटवणारा ॲनीलिंगचा प्रोग्राम स्वतः लिहावा. व्होल्टेजला त्याआधी हात लावू नये, कारण पायाच डळमळीत असेल तर पुढच्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

एक सावधगिरी आवश्यक आहे. या नमुन्यांत ब्लॉकांची मापे आणि जोडण्या असतात. कोणत्या ब्लॉकला किती वीज आणि किती वेळ लागतो हे नसते. प्रत्येक संशोधक ते स्वतःच्या गृहीतकांनी भरतो, म्हणून एका निबंधातील टक्केवारीची दुसऱ्यातल्या टक्केवारीशी थेट तुलना करू नये. आपली गृहीतके अहवालात स्पष्ट लिहावीत, आणि एकच नमुना तीन प्रकारे चालवावा : सर्वत्र 1.2 व्होल्ट, आधी फ्लोअरप्लॅन आणि नंतर व्होल्टेजचे वाटप, आणि दोन्ही एकत्र. तिन्हींसाठी वीज, क्षेत्रफळ, शिफ्टरांची संख्या आणि बेटांची संख्या शेजारी-शेजारी मांडावी. त्यापुढे जायचे असल्यास ओपनरोड हे चिपचा आराखडा आखण्याचे मुक्त सॉफ्टवेअर आणि स्कायवॉटरचा 130 नॅनोमीटरचा खुला डिझाइन संच उपलब्ध आहे. कोणता भाग कोणत्या पुरवठ्यावर चालतो आणि शिफ्टर कोठे लागतात हे लिहून ठेवण्याची यूपीएफ ही प्रमाण भाषा 2009 मध्ये आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेचे 1801 क्रमांकाचे मानक झाली. उद्योगात गेल्यावर तिची गाठ पडणारच आहे, तेव्हा तिची ओळख आताच करून घेतलेली बरी.